रुंदी नसलेला धुरा

आमचं आणि मोठ्या बाबांचं शेत लागून आहे. मध्ये धुरा. बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. वाटणी झाली तेव्हा तो हातभर रुंद होता आणि गेल्या वर्षी मोजला तेव्हा अकरा फूट भरला.

शेतीतल्या माणसाला हे उलटं वाटेल. धुरा वर्षागणिक बारीक होत जातो. दोन्हीकडचे लोक नांगरताना बोट-बोट आत सरकतात, त्याला धुरा कोरणं म्हणतात, आणि त्यावरून डोकी फुटतात. संग्रामपूरच्या बाजारात कोणाच्या कपाळावर पट्टी दिसली की लोक आधी तेच विचारतात. कोणी न कोरता रुंद होत गेलेला धुरा आमच्या शिवारात हा एकच होता. त्यात माझा हात होता हे मला फार उशिरा कळलं.

वाटणी झाली तेव्हा मी सहावीत होते. बारा एकरांचे सहा-सहा झाले. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वाटणीत भांडण असं काही झालं नाही. दोघांनी दोरी ताणून धरली, तिच्यावरून एक तास मारला, म्हणजे नांगराची एक रेघ ओढली, आणि घरी येऊन एका ताटात जेवले. घरं वेगळी झाली तरी भिंत एकच होती आणि अंगणही एकच. मध्ये पाण्याची टाकी.

दुसऱ्या वर्षी नांगरटीनंतर बाबांना धुऱ्याची एक कड तुटलेली दिसली. नांगरायला भाड्याचा ट्रॅक्टर आला होता. वळताना चालकाचं चुकलं असेल, किंवा नसेलही. बाबा पानठेल्यावर चार माणसांत म्हणाले, "सख्ख्या भावानं धुरा कोरला." ते वाक्य बाबा घरी पोचायच्या आत मोठ्या बाबांपर्यंत पोचलं होतं.

त्या दिवशी दुपारी मोठे बाबा आमच्या पायरीवर येऊन बसले. बाबा घरी नव्हते. मी शाळेचा गणवेश न बदलता अभ्यास करत होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि विचारलं, "तो जेवला काय?"

"हो," मी म्हटलं.

"बरं. त्याले सांगजो, येत्या साली मी एक तास सोडून वाहीन."

मी तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जायचे. पिवळी गाडी सकाळी गावाच्या फाट्यावर यायची. तिथे आम्हाला उताऱ्याचा सारांश लिहायला शिकवत. मुद्दा तेवढा ठेवायचा, बाकीचं गाळायचं. त्यात माझा हातखंडा होता. बोलायला मी कमी पडायचे, शाळेत वऱ्हाडी निसटेल म्हणून आणि घरी इंग्रजी निसटेल म्हणून, पण सारांशात मला कधी गुण कमी पडले नाहीत. संध्याकाळी बाबा आले तेव्हा मी त्यांना मुद्दा सांगितला. "मोठे बाबा म्हणाले, येत्या वर्षी एक तास सोडून वाहीन."

बाबांनी हात धुता धुता मान वर केली. "असं म्हणाला? मले शहाणपण शिकवते तो. सांग त्याले, मी दोन सोडीन."

मी गेले आणि सांगितलं.

तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. भांडलेही नाहीत. घरात लग्न, मरण, आजारपण झालं तर दोघं यायचे, शेजारी बसायचे, आणि निरोप माझ्याकडे द्यायचे. टाकीच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि मध्ये मी. "मोठ्या बाबाले सांग, मोटरचा फ्यूज गेला." "तुह्या बापाले सांग, तुरीवर अळी पडली." दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत असायचं. तरी मी सांगेपर्यंत दोघं थांबायचे.

आणि दर वर्षी नांगरटीला कोणीतरी आणखी एक तास सोडायचं. कोरला असं कोणी म्हणू नये म्हणून. धुऱ्यावर कुंद्याचं गवत माजलं, तरोटा उगवला, मग काटेरी बोराटी आली. एका वर्षी त्यात सशाची पिल्लं सापडली.

बारावीनंतर मी शेगावला शिकले आणि एम.ए.साठी बुलढाण्याला गेले. विषय तत्त्वज्ञान. नोकरी काय लागेल असं कोणी विचारलं की मी पाणी आणायला आत जायचे. दुसऱ्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. सरांनी मला विषय दिला तो मध्ययुगातल्या एका वादाचा. बिंदू, रेषा, वर्तुळ या गोष्टी आहेत कुठे?

वाद ऐकायला पोरकट वाटतो. रेषा म्हणजे रुंदी नसलेली लांबी, हे आपण शाळेत पाठ करतो. पण रुंदी नसलेली वस्तू कोणी पाहिली आहे? पेन्सिलीच्या रेघेला रुंदी असते, दोरीला असते, नांगराच्या तासाला तर चांगली वीतभर असते. मग भूमिती जिच्याबद्दल बोलते ती रेषा कोणती? मध्ययुगातल्या काहींनी सांगितलं की ती देवाच्या मनात आहे आणि जगातल्या रेघा म्हणजे तिच्या ओबडधोबड नकला. अरबीत लिहिणाऱ्या एका वैद्याचं म्हणणं वेगळं होतं. लाकडी त्रिकोण घ्या, त्यातलं लाकूड मनाने बाजूला करा, रंग, वजन बाजूला करा, उरेल तो भूमितीचा त्रिकोण. तो मनात वेगळा काढता येतो. जगात मात्र तो कधीच वेगळा नसतो, कशाचा ना कशाचा असतोच. इंग्लंडातला एक भिक्षू तर म्हणाला की रेषा नावाची वस्तूच नाही. वस्तू आहेत, आणि त्या कुठेतरी संपतात. संपण्याला आपण रेषा म्हणतो, आणि नाव दिलं की ती असल्यासारखी वाटायला लागते.

आणखी एक प्रश्न ते लोक पुन्हा पुन्हा विचारत. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या तर त्यांच्यामध्ये सीमा एक असते की दोन? एक असेल तर ती कोणाची?

सर म्हणाले, "आपल्याकडे याच काळात आकृतीला काय म्हणायचे, माहीत आहे? क्षेत्र. शेत. आपले गणिती त्रिकोणालाही क्षेत्रच म्हणत. तुम्ही शेतकऱ्याच्या घरातल्या, तुम्हाला हे सोपं जाईल."

मी मान हलवली. आमच्या धुऱ्याबद्दल मी सरांना काही सांगितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात सुट्टीला घरी आले तेव्हा मोठ्या बाबांचा आवाज बसला होता. आधी सगळ्यांना सर्दी वाटली. मग अकोल्याला तपासलं, मग नागपूरला. घशात गाठ होती. डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस जगेल, पण बोलणार नाही. सोमवारची तारीख मिळाली. तोवर बोलणं कमी ठेवा, असंही सांगितलं.

त्यांचा मुलगा पुण्याला असतो. ऑपरेशनच्या आधी शेताची हद्द कायम करून घ्या, असा त्याने आग्रह धरला. म्हणून मोठ्या बाबांनी मोजणीचा अर्ज केला होता, आणि लगतचे शेतकरी म्हणून बाबांना नोटीस आली. शुक्रवारी, सकाळी दहाला. बाबांनी ती नोटीस देवळीत ठेवली, पुन्हा काढून वाचली, पुन्हा ठेवली. "भावाले नोटीस," एवढंच म्हणाले.

बुधवारी मी मोठ्या बाबांकडे गेले. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. मोठी आई, माझी थोरली काकू, ज्वारीच्या पिठाची पातळ पेज गाळत होती, कारण घट्ट काही गिळवत नव्हतं. मला पाहून त्यांनी खाटेवर जागा केली.

"काय शिकून राह्यली सध्या?" आवाज पत्र्यावर वाळू घासल्यासारखा येत होता.

"रेषा," मी म्हटलं.

"रेषा? सोळा वर्षं शिकून रेषेवर आली? ते तर बालवाडीत गिरवून घेतात."

"बोलू नका ना तुम्ही," मोठी आई म्हणाली. "डॉक्टरनं काय सांगतलं?"

"सोमवारपासून गप्पच बसाचं हाय. चार दिवस बोलू दे." मग माझ्याकडे वळून, "सांग. काय हाय रेषेत?"

मी जमेल तसं सांगितलं. रेषेला रुंदी नसते. मग ती आहे की नाही यावर जुन्या काळचे विद्वान शेकडो वर्षं भांडले.

"कोण जिंकलं?"

"कोणीच नाही."

"मंग आपल्या घरच्यासारखंच." ते हसले आणि त्यांना ठसका लागला. मोठ्या आईने पाठीवर हात फिरवला. ठसका थांबायला वेळ लागला. त्यांनी डोळे पुसले, थोडा वेळ श्वास घेतला, आणि मला विचारलं, "तुहा बाप जेवला काय?"

"हो, जेवले," मी म्हटलं. सवयीने.

बोलायला त्रास होणाऱ्या माणसाने शब्द खर्च केले ते यासाठी. आणि मला एकदम आठवलं की हा प्रश्न नवीन नव्हता. पायरीवर टोपी काढून बसले होते तेव्हा तोच होता. मोटरच्या फ्यूजच्या आधी, अळीच्या आधी, बारावीच्या निकालाच्या दिवशी, दर वेळी तोच. तो जेवला काय. मी "हो" म्हणायचे आणि मग निरोप ऐकायचे. तो प्रश्न माझ्यासाठी निरोपाचा भाग नव्हता. उत्तर मीच देऊन टाकलेलं असायचं, मग तो पुढे काय न्यायचा. बाबांपर्यंत तो एकदाही गेला नाही. दहा वर्षांत त्यांना भावाकडून फक्त तास, फ्यूज आणि अळी पोचली.

"काऊन वं, गप काऊन झाली?" मोठ्या आईने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि उठले.

अंगण ओलांडायला वीस पावलं लागतात. बाबा ओट्यावर फवारणीचा पंप उघडून बसले होते, वॉशर बदलत. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं ते, "परवा मोजणी आहे."

"माहीत हाय," बाबा म्हणाले.

गुरुवार तसाच गेला. मी प्रबंधाची वही उघडून बसले. त्या वैद्याचं म्हणणं मी सुवाच्य अक्षरात लिहून काढलं होतं. वेगळं काढता येतं, जगात वेगळं नसतं. हे वाक्य मी आधी वर्गात वाचून दाखवलं होतं आणि सरांनी बरं म्हटलं होतं. आता ते वाचताना माझ्याच्याने पान उलटेना.

शुक्रवारी साडेनऊला आम्ही शेतात पोचलो. मोठे बाबा शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आले, गळ्याला मऊ पंचा गुंडाळून. मोठी आई म्हणत होती येऊ नका, पण ते आले. ते धुऱ्याच्या त्यांच्या बाजूला पळसाखाली बसले. बाबा आमच्या बाजूला उभे राहिले. मध्ये कुंदा कमरेएवढा.

मोजणीचे साहेब तरुण होते. त्यांच्याकडे साखळी नव्हती. एक काठी होती, तिच्या डोक्यावर पांढऱ्या वाटीसारखं यंत्र, आणि हातात मोबाइलसारखा पडदा. ते एका टोकाला गेले, थांबले, खुंटी ठोकली. मग दुसऱ्या टोकाला. मग परत येऊन दोन्ही बाजूंच्या तुरीच्या धसकटांकडे बघितलं आणि कागद चाळले.

"काका, तक्रार नेमकी कोणाची आहे?" त्यांनी विचारलं.

बाबांनी खिशातून नोटीस काढून पुढे केली.

"नाही म्हणजे, मी मोजायला जातो तिथे दोघंही म्हणतात, याने माझी दाबली. इथे तुमची दोघांचीही जमीन वहितीत कमी भरते. हद्द बरोबर मधून जाते. यांनी साडेपाच फूट सोडलंय, यांनी साडेपाच." ते हसले. "एवढी जमीन पडीक ठेवली कशाला? कोणासाठी?"

पळसाखालून मोठे बाबा जमिनीकडे बघत होते. बाबांनी टाच मातीत रुतवली होती.

"बरं," साहेब म्हणाले, "यंत्र मला दोन टोकं देतं. मधली रेषा तुम्हालाच धरायची आहे. दोरी घ्या, दोन्हीकडून दोघं धरा, खाली चुना टाकू." आणि ते गाडीतून चुन्याची पिशवी काढायला गेले.

दोरी आमच्या बैलगाडीच्या खोळीत होती. बाबा ती आणायला निघाले तेव्हा मी त्यांच्यामागे गेले. पळसापासून आम्ही साठ-सत्तर पावलांवर होतो. सोमवारला दोन दिवस उरले होते, आणि पुढच्या वेळी आम्ही तिघं असे एका जागी कधी येऊ ते मला माहीत नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं.

"हं."

"मोठे बाबा दर वेळी आधी एक विचारायचे. मी ते कधी सांगितलं नाही तुम्हाला."

"काय?"

"तो जेवला काय, असं. कोणताही निरोप देताना आधी ते विचारायचे. पहिल्यांदा आले तेव्हापासून. ती एक तासाची गोष्ट सांगायला आले होते, तेव्हाही आधी तेच विचारलं होतं. मी हो म्हणून टाकायचे. मला वाटलं, ते सांगण्यासारखं नाही."

बाबांच्या हातात दोरीचं वेटोळं होतं. ते मला रागावतील असं वाटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. वेटोळ्याची एक गाठ सोडत राहिले, सुटली तरी सोडत राहिले.

"त्या दिवशीही?" त्यांनी विचारलं.

"हो."

"टोपी काढली होती त्यानं?"

"हो. गुडघ्यावर ठेवली होती."

बाबांनी मान हलवली. टोपीचा त्यांच्या लेखी काय अर्थ होता हे मला आजही पुरतं माहीत नाही. ते वळले आणि धुऱ्याकडे चालू लागले. कुंद्यातून, बोराटीतून, सरळ. पायजम्याला काटे लागले ते त्यांनी सोडवले नाहीत. पळसाजवळ जाऊन त्यांनी दोरीचं एक टोक मोठ्या बाबांपुढे धरलं.

"दादा," ते म्हणाले, "जेवण झालं काय?"

मोठे बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे एकदा बघितलं. मी खाली बघितलं.

"पेज पेलो," ते म्हणाले. "जेवण आता होत नाही बे."

"हाव. सांगतलं मले वहिनीनं."

मोठे बाबा खोडाला हात टेकून उठले. जवळच्या खुंटीपाशी येऊन दोरीचं टोक त्यांनी मनगटाला दोन वेढे देऊन धरलं. बाबा दुसरं टोक घेऊन दूरच्या खुंटीकडे चालत गेले. दोरी गवतावरून सरपटत गेली, मग उचलली गेली. साहेबांनी लांबून हात वर केला.

"ढिली हाय," मोठ्या बाबांनी ओरडायचा प्रयत्न केला. आवाज निघाला नाही. त्यांनी पुन्हा श्वास घेतला. "ताणून धर बे."

बाबांना ऐकू गेलं. त्यांनी दोरी ताणली. साहेबांनी तिच्याखाली चुना टाकत नेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. गवतामुळे तो कुठे जाड पडला, कुठे नुसता पानांवर राहिला. दोरी काढल्यावर जे उरलं ते रेषेसारखं फारसं दिसत नव्हतं.

शनिवारी आणि रविवारी बाबा मोठ्या बाबांच्या खाटेजवळ जाऊन बसले. काय बोलले ते मला माहीत नाही. मला कोणी बोलावलं नाही आणि मी गेले नाही. सोमवारी ते दोघं नागपूरला गेले, मोठी आई आणि पुण्याहून आलेला मुलगाही. ऑपरेशन नीट झालं.

मी प्रबंध पूर्ण केला. शेवटच्या प्रकरणात लिहिलं की मन आकार वेगळा काढतं तेव्हा जे गाळतं त्याचा हिशोब त्या विद्वानांनी पुरेसा ठेवलेला दिसत नाही. सरांनी समासात विचारलं, आधार काय? आधार देता येण्यासारखा नव्हता. ते वाक्य मी खोडलं.

यंदा नांगरटीच्या वेळी मी घरी होते. चुना पावसात केव्हाच धुऊन गेला होता, खुंट्या तेवढ्या होत्या. मोठ्या बाबांचं शेतही आता बाबाच बघतात. ट्रॅक्टरवाला अंगणात आला आणि म्हणाला, "भाऊ, दोन्हीकडून तुम्हीच हा. धुरा मोडून टाकू काय? एकच पट्टा होते."

"दादाले विचारतो," बाबा म्हणाले.

मी टाकीपाशी कपडे पिळत होते. जुन्या सवयीने हात पुसून उभी राहिले, जायला तयार. बाबा माझ्या बाजूने निघून गेले.

मोठे बाबा ओट्यावर बसलेले असतात. त्यांच्याकडे पाटी असते, मुलांची असते तशी, काळी, लाकडी चौकटीची. बाबांनी ट्रॅक्टरवाल्याचं म्हणणं सांगितलं. मोठ्या बाबांनी पेन्सिल घेतली. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षर मोठं आणि सावकाश. मला टाकीपासून वाचता येत होतं.

*जेवला काय*

"हाव," बाबा म्हणाले. "भाकर खाल्ली. आता धुऱ्याचं सांग."

मोठ्या बाबांनी पाटी तळहाताने पुसली. थोडा विचार केला. मग दोन शब्द लिहिले आणि पाटी बाबांकडे फिरवली.

*हातभर ठेव*